जुन्या डॉस गेमच्या कर्त्याला मेल लिहायचाय: काय विचारावं, काय नको?

कोथरूडचा_फ्लॉपीवाला:

१९९३ चा एक शेअरवेअर गेम आहे. बाजूला सरकत जाणारा, इजीए म्हणजे १६ रंगांच्या जुन्या पडद्यासाठीचा. ३.५ इंची फ्लॉपीवर त्याचा फुकट वाटायचा पहिला भाग आणि मजकुराच्या तीन-चार फाइली. दुसरा-तिसरा भाग पैसे पाठवून मागवायचा होता, तो नाही. मागे कंपनी नाही. एकाच माणसाचं नाव, कॅलिफोर्नियाचा टपालपत्ता आणि कॉम्प्युसर्व्ह या जुन्या ऑनलाइन सेवेचा आकडी आयडी.

मे महिन्याच्या सुट्टीत इथल्या एका वाचनालयात मुलांसाठी दोन दिवस जुने गेम मांडायचेत. त्यात हा मराठी मजकुरासह ठेवायचा विचार आहे, म्हणून कर्त्याची परवानगी हवी. शंका अशा: माणूस शोधायचा कसा? सोर्स कोड पहिल्याच मेलमध्ये मागावा का? आणि नव्या मशीनवर गेम 'रनटाइम एरर २००' देऊन बसतो, तेही त्यालाच विचारू का?

मसुदा इंग्रजीत तयार आहे. मराठीत सांगायचा तर साधारण असा:

"आदरणीय महोदय, सविनय निवेदन की मी आपल्या अजरामर गेमचा निस्सीम चाहता आहे. आपल्यासारख्या थोर प्रोग्रॅमरला लिहिताना अत्यानंद होत आहे. तरी कृपया सोर्स कोड, उर्वरित दोन भाग व मराठी रूपांतराची परवानगी देऊन उपकृत करावे. तसेच सोबतच्या एररबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी. त्वरित उत्तराच्या प्रतीक्षेत."

पाठवू का असाच?

डॉसबाबा:

नका पाठवू. एररपासून सुरुवात करू, कारण तो प्रश्न मेलमध्ये गेला तर समोरच्याला लगेच कळेल की तुम्ही आधी काहीच शोधलेलं नाही.

एरर २०० ही त्या माणसाची चूक नाही. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेसोबत येणाऱ्या 'सीआरटी' नावाच्या तयार कोडची (युनिटची) आहे. प्रोग्रॅम सुरू होताना ते युनिट टायमरच्या एका टिकमध्ये, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामं लूप किती वेळा फिरतं ते मोजतं आणि आलेल्या आकड्याला ५५ ने भागतं. त्या काळच्या ४८६ प्रोसेसरवर उत्तर १६ बिटांत बसायचं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या मशीनवर ते ६५,५३५ च्या वर जातं, मावत नाही, आणि पास्कल त्याला 'शून्याने भागाकार' समजून २०० नंबर दाखवतं. (दोन्हीकडे २०० आहे तो योगायोग.) डॉसबॉक्समध्ये (नव्या मशीनवर डॉस चालवून दाखवणारा प्रोग्रॅम) सायकल्स, म्हणजे वेग, 'मॅक्स'वर असतील तर ३००० वर बांधा. कंट्रोल-एफ११ ने कमी होतात, कंट्रोल-एफ१२ ने वाढतात. तरी नाही भागलं तर ईएक्सई, म्हणजे गेमची चालणारी फाइल, दुरुस्त करणारे पॅच कधीपासून फुकट मिळतात.

यातून एक फायदा झाला: गेम टर्बो पास्कलमध्ये लिहिलाय हे तुम्हाला न विचारता कळलं. असे प्रश्न आधी गाळून टाका. जे फक्त त्या माणसालाच माहीत असू शकतं तेवढंच मेलसाठी ठेवा.

आता माणूस. कॉम्प्युसर्व्हचा आयडी म्हणजे स्वल्पविराम असलेला आकडा. स्वल्पविरामाच्या जागी टिंब टाकलं की तोच त्या काळी ईमेल पत्त्याचा पहिला भाग व्हायचा. पण ती जुनी सेवा २००९ मध्ये बंद झाली, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. टपालपत्ताही तीस वर्षांपूर्वीचा आहे. तिथे पत्र टाकलंत तर आत्ता राहणाऱ्या कुणा भलत्याला त्रास.

फ्लॉपीवरची प्रत्येक मजकुराची फाइल वाचा: रीडमी, ऑर्डरचा फॉर्म, व्हेंडर डॉक (प्रती वाटणाऱ्यांसाठीच्या अटी), फाइल-आयडी-डिझ (गेमची थोडक्यात ओळख). मग त्याच गेमच्या पुढच्या आवृत्त्या शोधा. १.० मध्ये कॉम्प्युसर्व्ह असेल तर १.२ मध्ये एओएलचा किंवा कुठल्या तरी विद्यापीठाचा पत्ता सापडू शकतो. शेअरवेअरच्या सीडींचे मोठे संग्रह इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, त्यात आवृत्त्या मिळतात. ईएक्सईमधली वाचता येणारी अक्षरं 'स्ट्रिंग्ज' या छोट्या प्रोग्रॅमने काढून बघा. नुसता कचरा दिसला तर फाइल दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) आहे. सुरुवातीच्या बाइटांत 'पीकेलाइट' दिसलं किंवा हेक्समध्ये १सी या जागेवर 'एलझेड९१' दिसलं तर आधी ती उलगडा, मग शोधा. श्रेयनामावलीत नसलेली नावं तिथे मिळतात: चित्रं कुणाची, संगीत कुणाचं.

नाव पक्कं झालं की मोबीगेम्स या गेमच्या सूचीच्या साइटवर त्याच माणसाचे पुढचे गेम बघा. नंतर एखाद्या कंपनीत गेला असेल तर तिथून धागा लागतो. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची १९७८ पासूनची नोंदसूची ऑनलाइन शोधता येते. गेम नोंदवलेला असेल तर दावेदार कोण होता ते तिथे दिसतं, आणि तो कर्ताच असेल असं नाही. जुनी वेबसाइट वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेट आर्काइव्हच्या जुन्या पानांच्या साठ्यात, बघा. मूळ डोमेनवर आज जे काही आहे त्यावर विश्वास नको, मुदत संपलेली डोमेनं जुगारवाले उचलतात.

एवढं करूनही एकाच नावाचे चार जण सापडतील. म्हणून मेलमध्ये 'हा गेम तुमचाच का' हे आधी विचारायचं. आणि मेल लिहिण्याआधी माणूस हयात आहे ना, तेही बघून घ्या.

पैसे देऊन घरचा फोन शोधून देणाऱ्या साइट, बायकोचं फेसबुक, मुलाचं इन्स्टाग्राम: हे नाही करायचं. त्याने स्वतः जाहीर ठेवलेला पत्ता, नाहीतर लिंक्डइन. तिथपर्यंतच.

शनिपारचा_थांबा:

बाबांनी शोधाचं सांगितलं, मी मसुद्याचं बघतो.

हा मसुदा शाळेतल्या रजेच्या अर्जासारखा झालाय. 'डू द नीडफुल' आणि 'काइंडली रिव्हर्ट' आपल्या ऑफिसात खपतं. कॅलिफोर्नियातल्या माणसाला 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. 'कार्यवाही व्हावी' तर थेट महापालिकेला लिहिलंय.

'महोदय' काढा. पूर्ण नाव लिहा, 'मिस्टर'सुद्धा नको. गेम लिहिणाऱ्या बायका तेव्हाही होत्या. १९८४ चा 'किंग्ज क्वेस्ट' रॉबर्टा विल्यम्स यांचा. शिवाय पेटीवर छापलेलं नाव आजही त्या व्यक्तीचं असेलच असं नाही. १९८३ चा 'म्यूल' ज्या नावाने निघाला ते बदलून त्याच्या कर्त्या पुढे डॅनिएल बंटन बेरी झाल्या. व्यक्ती आज स्वतःला जे नाव लावते तेच वापरायचं, आणि जुन्या नावाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

स्तुती एक वाक्य, पण गेममधली खूण सांगणारी. 'अजरामर' हे कुठल्याही गेमला चिकटतं. 'तिसऱ्या पातळीत शिडीमागे लपवलेली खोली' म्हटलं की समोरच्याला कळतं, याने खरंच खेळलाय.

एका मेलमध्ये एकच मागणं. तुमच्या मसुद्यात चार आहेत. चार मागण्यांना चार उत्तरं लिहावी लागतात, म्हणून मेल 'रविवारी बघू' म्हणून बाजूला पडतो आणि तो रविवार उजाडत नाही. पाच मिनिटांत उत्तर देता येईल असं एकच विचारा.

विषयाची ओळ मात्र शाळेने चांगली शिकवलीय. फक्त '...मिळणेबाबत' हे शेपूट कापा. गेमचं नाव आणि साल ओळीत सर्वांत आधी, म्हणजे फोनवर अर्धी ओळ दिसली तरी काम होतं. 'एक विनंती', 'अर्जंट', 'हॅलो' असलं काही लिहिलं तर स्पॅममध्येच जाईल.

असा करून बघा. इंग्रजी करताना वाक्यं जोडून लांबवू नका, १५० शब्दांत बसवा:

विषय: अमुक गेम, १९९३: मराठी मजकुराबद्दल एक प्रश्न

नमस्कार, पूर्ण नाव.

१९९३ चा अमुक गेम तुम्ही लिहिलाय असं त्याच्या ऑर्डर फॉर्मवरून दिसतं. तसं नसेल तर क्षमा करा, पुढचं सोडून द्या.

मी भारतात पुण्यात असतो. मे महिन्यात इथल्या एका वाचनालयात ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दोन दिवस जुने गेम मांडणार आहोत. तिकीट नाही. तुमच्या गेमचा शेअरवेअर भाग, पडद्यावरचा मजकूर मराठीत करून, तिथल्या दोन मशीनवर ठेवायची इच्छा आहे. तिसऱ्या पातळीतली शिडीमागची खोली मुलांनी स्वतः शोधावी, हा त्यातला मुख्य हेतू.

यासाठी तुमची परवानगी मिळेल का? हक्क आता दुसऱ्या कुणाकडे असतील तर त्यांचं नाव कळवलंत तरी पुरे.

'नाही' असं एका शब्दात उत्तर आलं तरी चालेल. सोबत गेमचा एक स्क्रीनशॉट जोडलाय.

तुमचं नाव, पुणे.

स्क्रीनशॉट कशासाठी, तर त्या माणसाने स्वतःचा गेम पंचवीस-तीस वर्षांत पाहिलेला नसू शकतो. ३२० बाय २०० चं चित्र दुप्पट करून पीएनजी जोडा, काही केबीचं होतं. गेमची ईएक्सई कदापि जोडू नका. जीमेल ती अडवतं, झिपमध्ये घातली तरी अडवतं. दुवा द्यायचाच तर एक, आणि तोही छोटा करून लपवलेला नको. तारीख लिहाल तर महिना अक्षरांत. आपल्या ३/५ ला ते पाच मार्च वाचतात.

सोर्स कोड पहिल्या मेलमध्ये नको. परवानगी आली, दोन मेल झाले, की मग.

डॉसबाबा:

बाकी सगळं मान्य, सोर्सचं नाही. फ्लॉपी काही अमर नाही, आणि माणूसही नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ चा. त्याच्या ॲपल-टू आवृत्तीचा सोर्स हरवला असंच जॉर्डन मेकनर धरून चालले होते. त्यांच्या वडिलांना घरात फ्लॉप्यांचा खोका सापडला म्हणून २०१२ मध्ये तो वाचता आला आणि गिटहबवर आला. दुसरा मेल लिहीपर्यंत असे खोके भंगारात जातात. मागू नका हवं तर, पण 'त्या काळच्या डिस्क अजून आहेत का' एवढं एक वाक्य घाला.

शनिपारचा_थांबा:

एका वाक्याला हरकत नाही. पण 'आहेत का' इथेच थांबायचं, 'पाठवा' नाही. आणि ते परवानगीच्या प्रश्नानंतर, वेगळ्या परिच्छेदात. मागणी म्हणून वाचलं गेलं तर पहिली परवानगीही अडकेल.

कलम_बावन्न:

हक्काचं थोडं. तुमच्या गेममागे कंपनी नाही हे तुमचं नशीब. नाहीतर ज्याने गेम लिहिला तोच मालक, हे गृहीत धरणं सर्वांत महागात पडतं. अमेरिकेत नोकरीत असताना केलेलं काम मालक कंपनीचं, आणि ते प्रकाशनापासून ९५ वर्षं. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे वेगळा करार नसेल तर तसंच, नोकरीतलं काम मालकाचं. कर्ता मनापासून 'हो' म्हणाला तरी त्या 'हो'ला किंमत नसू शकते. 'कीन ड्रीम्स'चा सोर्स २०१४ मध्ये खुला झाला तो निर्मात्यांच्या शब्दावर नाही. तो मूळ काढणाऱ्या सॉफ्टडिस्क कंपनीचे हक्क लोकांकडून वर्गणी काढून विकत घेतले, तेव्हा झाला.

एकट्या माणसाच्या गेममध्येसुद्धा उसनं काही असतं. 'डूम'चा सोर्स १९९७ मध्ये आला तो लिनक्स आवृत्तीचा, कारण डॉस आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी बाहेरच्याकडून परवान्यावर घेतलेली होती. म्हणून तुमच्या गेमचं संगीत किंवा चित्रं दुसऱ्या कुणाची दिसली, तर त्याचं नाव मेलमध्ये घालून 'यांनाही विचारायला हवं का' असं विचारा.

'आता हा ॲबँडनवेअर (मालकाने सोडून दिलेला) आहे ना' हे वाक्य मेलमध्ये चुकूनही नको. कायद्यात असा प्रकारच नाही, आणि ऐकणाऱ्याला ते 'तुम्ही टाकून दिलंत, आम्ही उचललं' असं ऐकू येतं. फुकट केलेला गेमही हक्क सोडलेला नसतो. 'बिनीथ अ स्टील स्काय' २००३ मध्ये फ्रीवेअर झाला, तरी हक्क रेव्होल्यूशनकडेच राहिले.

व्हेंडर डॉक नीट वाचा. शेअरवेअरमध्ये बहुधा 'न बदलता प्रत वाटा' अशी सूट असते. म्हणजे इंग्रजी पहिला भाग वाचनालयात ठेवायला बहुतेक अडचण नाही. अडचण 'न बदलता' या दोन शब्दांत आहे. मराठी मजकूर हा बदलच. म्हणून बदललेला गेम वाटू नका, फक्त फरकाची पॅच फाइल ठेवा आणि परवानगीही त्याचीच मागा. 'माझ्या गेमची प्रत वाटणार' यापेक्षा 'फक्त फरक वाटणार' याला माणसं लवकर हो म्हणतात.

आणि उत्तर 'शुअर, गो अहेड' असं आलं तर तिथेच थांबू नका. आपल्या कायद्यात कलम ३० प्रमाणे परवाना लेखी लागतो, मेल जपून ठेवा. कलम १९ मध्ये मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं धरतात, आणि कलम ३०क ने ते परवान्यालाही लागतं. तेव्हा आभाराच्या मेलमध्येच एक ओळ: 'म्हणजे मराठी पॅच विनामूल्य, जगभर, मुदतीविना वाटायला तुमची परवानगी आहे, असं मी समजतो. बरोबर ना?' त्यावर आलेलं 'येस' हा तुमचा कागद.

कोथरूडचा_फ्लॉपीवाला:

आभार, मसुदा फाडला. दोन शंका उरल्या. मजकूर मराठीत करायला फॉन्टची फाइल आणि रचना त्याला विचारावी लागेल ना? आणि तो म्हणाला 'डिस्क आहेत, पाठवतो', तर?

डॉसबाबा:

फॉन्ट नका विचारू, फाइलींचे आकार बघा. बरोबर २,०४८ बाइटची फाइल दिसली तर ती बहुधा ८ बाय ८ चा फॉन्ट: २५६ अक्षरं, प्रत्येकी ८ बाइट. त्यात देवनागरी बसत नाही. वर शिरोरेघ आणि मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. 'क्ष्मी'चा चिखल होतो. १६ ठिपक्यांची उंची धरा, म्हणजे फॉन्ट ४,०९६ बाइटचा आणि २०० ठिपके उंच पडद्यावर २५ ऐवजी १२ ओळी मजकूर. संवादाच्या चौकटी फुटणार, तेव्हा वाक्यं आधीच छोटी करा. शिवाय पास्कलच्या स्ट्रिंगमध्ये पहिला बाइट लांबीचा असतो. मूळ वाक्यापेक्षा मराठी लांब झालं तर ते शेजारच्या वाक्यावर चढतं. लांबीचा बाइट न बदलता छोटं लिहिलं तर शेवटी जुन्या इंग्रजीची शेपटी लटकते.

त्याला विचारण्यासारखं एकच: पातळ्यांच्या फाइली कुठल्या पद्धतीने दाबल्यात. भिंतीवर कोरलेल्या पाट्यांचा मजकूर तिथे असेल तर तो बाहेरून उकलायला आठवडे जातात, आणि त्याला एका ओळीत सांगता येईल. पण तेही परवानगी आल्यावर. 'अमुक फाइलचे पहिले १६ बाइट असे आहेत, ही तुमची स्वतःची पद्धत होती का?' असं बाइट देऊन विचारा. 'फाइल फॉरमॅट सांगा' म्हटलं तर तीस वर्षांनी कुणाला आठवणार?

तपकीर_गल्ली:

डिस्कचं मी सांगतो. भारतात मागवू नका. टपालात गहाळ झाल्या तर दुसरी प्रत नाही, आणि आल्या तरी कस्टममध्ये किती दिवस पडतील याचा भरवसा नाही.

त्याच्या जवळच कुणाकडून डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी फाइल-प्रत, काढून घ्यायची. रॉचेस्टरचं स्ट्राँग म्युझियम, माउंटन व्ह्यूचं कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम, ओकलंडचं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन, या जागा हेच काम करतात. तुमचा माणूस कॅलिफोर्नियातच असेल तर शेवटच्या दोन त्याच्याच राज्यात. नावं सुचवा, ओळख करून द्यायचा आग्रह नको.

एक सूचना मात्र मेलमध्ये ठळक लिहा: डिस्क विंडोजमध्ये घातल्यावर 'फॉरमॅट करायची का' असं आलं तर 'नाही'. डिस्क रिकामी असते असं नाही, विंडोजला फक्त ती ओळखता येत नाही. घालण्याआधी कोपऱ्यातली लिहिणं-बंद खिडकी उघडी करायची. ३.५ इंचीत आरपार भोक दिसलं म्हणजे लिहिणं बंद. ५.२५ इंचीत उलटं, तिथे खाच झाकायची असते. शटर सरकवून पृष्ठभाग उजेडात तिरका बघायचा. पांढरट ठिपके म्हणजे बुरशी. तशी डिस्क ड्राइव्हमध्ये घातली तर हेड ती बुरशी पुढच्या डिस्कवरही घासतं.

यूएसबीवाला ड्राइव्ह साध्या १.४४ एमबीच्या डिस्कपुरता ठीक. ५.२५ इंची किंवा कॉपी-संरक्षण असलेल्या डिस्कना ग्रीजवीझल किंवा क्रायोफ्लक्स हे फ्लॉपी वाचायचं खास सर्किट बोर्ड लागतं. त्याला आतला जुना ३४ पिनांचा ड्राइव्ह हवा. तुमच्या स्वतःच्या फ्लॉपीसाठी तो हवा असेल तर बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात बघा. पट्ट्याची केबलही मागून घ्या, ती वेगळी शोधायला ड्राइव्हपेक्षा जास्त फिरावं लागतं.

शनिपारचा_थांबा:

उत्तर नाही आलं तर तीन-चार आठवड्यांनी एकदाच आठवण, त्याच मेलला उत्तर म्हणून, दोन ओळींत. '५५० ५.१.१' असं आकडे घालून परत आला तर पत्ताच मेला, तेव्हा दुसरा शोधा. उत्तरही नाही आणि मेल परतही आला नाही, तर माणसाला बोलायचं नाही, एवढंच. मग इंग्रजी भाग न बदलता मांडा.

आणि आत्ता पाठवू नका, सव्वाचार वाजलेत, तिकडे पहाटेचे पावणेचार. रात्री साडेनवाला टाका, तिथे सकाळचे नऊ होतील.

कोथरूडचा_फ्लॉपीवाला:

साडेनवाला टाकतो. 'शिडीमागची खोली' तिसऱ्या पातळीत नाही, चौथीत आहे, तेवढं बदललंय.